पावसाळ्यानंतर पुटअप

"बाई, पुटअप कुठं?"

लातुरात मी नोकरीवर हजर झाले त्या दिवशी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. कचेरी कोणती ते सांगत नाही. जिल्हा नवा झाला होता आणि त्या वेळी गावातल्या सगळ्याच सरकारी कचेऱ्या सारख्या दिसत. भिंतींना ताजा चुना, दारावर कोऱ्या पाट्या, आणि आत बसायला काही नाही. विचारणारे गृहस्थ फायलींच्या गठ्ठ्यावर बसले होते, कारण खुर्च्या जुन्या जिल्ह्याच्या गावाहून अजून निघाल्याच नव्हत्या. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि पाऊस औषधाला नसताना गुडघ्याशी काळी छत्री. मला वाटलं, हे कुठल्या तरी फायलीचं विचारताहेत. मी म्हटलं, "साहेब, मी आजच आले. माझ्याकडं अजून कुठली फाइल आली नाही."

"फाइल न्हाई वो. तुम्ही. तुम्ही पुटअप कुठं? ऱ्हाता कुणाकडं?"

मी कंधारची. मावशी लातुरात होती, तिच्याकडं उतरले होते, तसं सांगितलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. "पुट अप ॲट. मुक्काम करणे. हा एक अर्थ झाला. ध्यानात ठिवा, असे लई हायत."

हे आमच्या टंचाई शाखेचे अव्वल कारकून. टंचाई म्हणजे पाण्याची. कुठल्या गावाला टँकर, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, कुठं हापसा, म्हणजे हातपंप, बसवायचा, हे सगळं त्यांच्या टेबलावरून वर जायचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठंच वापरात नव्हतं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना 'पुटअप' म्हणत, तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतपत लांबून. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट मला वाटतं, जन्मनावापेक्षा हेच त्यांना जास्त आवडत होतं.

सरकारी कचेरीत ज्यांनी पाय ठेवला आहे त्यांना हा शब्द सांगायला नको. साहेब फायलीच्या समासात दोन शब्द खरडतात, 'पुट अप', की खालच्यानं ती फाइल टिपणी लिहून पुन्हा वर पाठवायची. मराठीत आपण ते सरळ क्रियापद करून टाकलं आहे. फाइल पुटअप करा, पुटअप झाली का, पुटअप कधी करता. पण ह्या माणसाइतका विचार त्या दोन शब्दांवर त्या इंग्रजांनीसुद्धा केला नसेल.

"मी शाळंत उर्दू शिकलो," ते सांगत. "निजामाचं राज्य व्हतं. तवा कागद पेश व्हायचा. मग महाराष्ट्र आला, कागद सादर व्हायला लागला. आन् साहेबाच्या पेनात बघावं तर पुट अप. कागद त्योच, गठ्ठ्याची नाडी त्याच गाठीची. नुस्तं नाव बदलत गेलं. आन् आपण बसलो तितंच."

त्यांच्या ह्या वेडाची सुरुवात बिलोलीकडं झाली. नोकरी नवी, इंग्रजी म्हणजे अक्षरओळख. कुण्या साहेबानं फायलीवर लिहिलं, 'पुट अप'. विचारायची सोय नव्हती, विचारलं तर अज्ञान उघडं पडणार. ह्यांनी डिक्शनरी काढली. पुट म्हणजे ठेवणे. अप म्हणजे वर. ह्यांनी स्टूल घेतलं आणि फाइल कपाटावर नेऊन ठेवली, नीट, धूळ लागू नये म्हणून वर कागद घालून. साहेब रोज वाट बघतोय आणि हे रोज खालून मान वर करून फाइल जागेवर आहे ना ते बघताहेत. शेवटी साहेबानं भर कचेरीत बोलावून विचारलं, तर ह्यांनी छातीठोकपणे बोट वर केलं. साहेब काय काय बोलला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "माझ्या जातीवर आला त्यो. ज्याला जे येतं त्यावर माणूस येतो. त्या दिवशी ठरिवलं, ह्या शबुदाचा एक बी अर्थ आपल्याला म्हाईत न्हाई असं व्हायचं न्हाई."

आम्ही एकाच समाजाचे. ते मला त्यांनी हे सांगितलं त्या दिवशी कळलं. त्याआधी त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

मग जेवणाच्या सुट्टीत त्यांचा वर्ग चाले. विद्यार्थी आम्ही दोघंतिघं, तेही डब्यातल्या भाकरीवर लक्ष ठेवून. लातूर डाळीचं गाव, तुरीचा भाव वर गेला की ते म्हणत, "भाव पुटअप झाला." हाळीच्या गुरांच्या बाजारात माणसं वैरण नाही म्हणून बैल उभे करायला लागली तेव्हा म्हणाले, "पुट अप फॉर सेल. विक्रीला काढणे." हे सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा राहिला नाही. निवडणुकीत उमेदवार पुटअप, गणपतीत मांडव पुटअप, शाळेत पोरानं हात पुटअप. कुणी कुणाला फूस लावली तर पुट अप टू. आणि कुठल्याही इमारतीला, खांबाला, पाटीला उभं करणं म्हणजे पुटअप. नव्या कचेरीची पाटी लागली त्या दिवशी ते खाली उभे राहून शिडीवरच्या माणसाला सांगत होते, "पुट अप, पुट अप," आणि तो बिचारा पाटी आणखी आणखी वर नेत होता. ती पाटी पुढं बरीच वर्षं वाचायला मान मोडावी लागेल अशा उंचीवर होती.

छत्रीचंही तेच. छत्री उघडणे म्हणजे पुट अप अ‍ॅन अंब्रेला. मृगाच्या पहिल्या दिवशी ते कचेरीच्या आवारात मधोमध उभे राहिले, आभाळात बोटभर ढग नव्हता, आणि त्यांनी छत्री उघडली. शिपाई हसले, रॉकेलच्या रांगेतली माणसं हसली. ते तसेच उभे राहिले. आत येताना म्हणाले, "आपल्या बाजूनं तयारी पायजे, बाई. उद्या पावसानं म्हणू नये, तुमी छत्रीच उघडली न्हाई."

मी एकदा त्यांची खोड काढायला गेले. माझं इंग्रजी टायपिंगच्या परीक्षेपुरतं, पण एक अर्थ मला ठाऊक होता. म्हटलं, "साहेब, पुट अप विथ राहिलं की. सोसणे. सहन करणे."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ते आपल्या वर्गात न्हाई."

"का बरं?"

"ते विथवालं नको. विथ मागं लागलं की शबुद खाली बसतो. आपण वर जाणारं शिकून राहिलो." आणि उठून गेले. नंतर मी पुन्हा तो विषय काढला नाही. बाकी कुठल्याही अर्थाला ते नाही म्हणाले नव्हते, म्हणून हे लक्षात राहिलं.

त्यांना बायको नव्हती, ती लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. माणूस म्हणून होती ती एक थोरली बहीण, अक्का. आई वारल्यावर तिनं ह्यांना वाढवलं, दुसऱ्याच्या रानात रोजानं जाऊन शिकवलं. ती सीमेकडच्या एका गावात राहत होती, जिथं अर्धी माणसं कानडीत भांडतात. गाव खाली, वस्ती वर माळावर. वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर वस्तीचा नंबर शेवटी लागायचा, आणि त्या दुष्काळाच्या सालात शेवटचा नंबर म्हणजे गाळ.

अक्का एकदा कचेरीत आली. पिशवीत हुलगे, दुसऱ्या हातात गोड्या तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. शिपायानं माठातलं पाणी दिलं. तिनं अर्धं प्यालं आणि ग्लास जपून टेबलावर ठेवला. म्हणाली, "सांडू नगा, जाताना पिते." मग भावाला म्हणाली, "बापू, ह्यो डबा भरून दे. यष्टीत कंडक्टर काई म्हणत न्हाई."

सगळ्या शाखेसमोर टंचाईचा अव्वल कारकून नळाखाली डबा धरून बसला. सीमेकडच्या एसटीत त्याची बहीण मांडीवर कचेरीचं पाणी घेऊन गेली.

त्या वस्तीवर हापसा बसवावा असा प्रस्ताव तालुक्याहून आलेला होताच. बहिणीचं गाव म्हणून त्यांनी तो पुढं ढकलला नव्हता, मागंही ठेवला नव्हता. नंबरानं त्याची पाळी आली तेव्हा टिपणी लिहून वर पाठवला. त्या वेळचे मोठे साहेब उत्तरेकडचे, तरुण, मराठी कामापुरती. मृगाच्या तोंडावर फाइल खाली आली. समासात हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'पुट अप आफ्टर रेन्स'.

म्हणजे पावसाळ्यानंतर सादर करा. साहेबाचंही चूक म्हणता येत नाही. पाऊस पडला तर हापशाची गरज राहणार नाही, खर्च कशाला. मीही असंच लिहिलं असतं.

पाऊस पडला नाही.

दसरा झाल्यावर ते फाइल घेऊन साहेबांच्या दालनात निघाले. दारात साहेबांचे पीए. त्यांनी समास वाचला आणि फाइल परत हातात दिली. "साहेबांनी आफ्टर रेन्स म्हटलंय."

"हाव. पावसाळा संपला की."

"रेन्स म्हणजे पाऊस. पाऊस कुठं झाला?"

"रेन्स म्हंजे पावसाळा बी व्हतो. अनेकवचन हाय."

"पुटअप," पीए हसून म्हणाले, आणि ही एकच वेळ की कुणी त्यांना तोंडावर त्या नावानं हाक मारली, "पाऊस पडू द्या. मग आणा."

मी ते ऐकत होते. मला आधी हसू आलं. पाऊस पडला नाही म्हणून पाणी हवं होतं, आणि पाणी मागायचं तर आधी पाऊस पडायला हवा होता. असं कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. सगळे आपापलं काम नियमानं करत होते, कुणाला शिवी द्यावी तेही कळत नव्हतं.

थंडी संपली, तसे साहेब बदलून गेले. नवे अजून यायचे होते. उन्हाळा असा पेटला की दुपारी टाइपरायटरच्या चाव्यांना बोट लावता येत नव्हतं. वस्तीला एक टँकर जायचा, एक दिवसाआड, तोही वाटेत गळत. अक्काच्या गावाकडून निरोप आला की बाया आता रानातल्या खड्ड्याशी वाटीनं पाणी भरताहेत. तो निरोप त्यांनी ऐकला आणि कपाटातून ती फाइल काढली.

दिवसभर फाइल त्यांच्यासमोर उघडी होती. संध्याकाळी मला बोलावलं.

"बाई, विषय वाचा."

मी वाचला. "माळावरील वस्तीत हापसा उभारणेबाबत."

"उभारणेबाबत. आन् खाली साहेब काय म्हणतात?"

"पुट अप आफ्टर रेन्स."

"पुट अप म्हंजे?"

मला अंदाज आला. मी म्हटलं, "साहेब, सादर करा. इथं सादर करा असाच."

"पुट अप म्हंजे उभारणे बी हाय. मीच शिकिवलंय तुमाला. विषय, उभारणेबाबत. हुकूम, उभारा. कवा? पावसाळ्यानंतर. पावसाळा गेला का? गेला. पाऊस आला न्हाई ही पावसाची गैरहजेरी, आपली न्हाई."

"साहेब, सगळ्यांना ठाऊक आहे त्याचा अर्थ काय."

"सगळ्याला एकच अर्थ ठावा हाय," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "मी इतकी वर्सं बाकीचे कामून गोळा केले, बाई? पोरास्नी डब्याच्या वेळी सांगायला?"

त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. 'वरिष्ठांनी हापसा उभारण्याचे आदेश दिलेले आहेत, सबब तातडीने कार्यवाही करावी.' सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद गेला. शाखेचे अधिकारी त्यांची टिपणी असली की वाचत नसत, इतका विश्वास. सही झाली.

बिलोलीला अर्थ माहीत नव्हता म्हणून चुकले होते. लातुरात सगळे अर्थ माहीत होते म्हणून.

बोअरची गाडी वस्तीवर गेली त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर राखेच्या रंगाची धूळ होती, केसांत, भुवयांत. अंघोळ केली नव्हती. कुठल्या पाण्यानं करणार. ते जागेवर बसले. मी जवळ गेले.

"झालं का, साहेब?"

"हापसा पुटअप झाला."

"पाणी?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "हुकमात पाण्याचा शबुद नव्हता, बाई."

मग हळूहळू सांगितलं. गाडी आली तेव्हा वस्तीनं नारळ फोडला. अक्कानं गाडीवाल्यांना गूळ दिला. भोक खाली खाली गेलं, आधी मुरूम, मग काळा पाषाण, आणि वर नुसता फुफाटा. पोरं त्या फुफाट्यात नाचत होती, त्यांना वाटलं असंच असतं, पाणी शेवटी येतं. शेवटी गाडीवाला म्हणाला, कोरडं गेलं. दुसरी जागा बघायची तर दुसरा हुकूम लागेल, गाडी उद्या दुसऱ्या गावाला आहे. पण कागदावर हापसा उभारण्याचं लिहिलंय, तेवढं करून जातो. आणि त्यांनी त्या कोरड्या भोकावर हापसा बसवला. सिमेंटचा ओटा केला. दांड्याला ग्रीस लावलं. काम चोख होतं.

मला आजही त्या गाडीवाल्याचा राग येतो, आणि आजही तो कुठं चुकला ते दाखवता येत नाही.

इथं थांबलं असतं तरी सोसलं असतं. पण तालुक्याहून महिन्याचा अहवाल आला. माळावरील वस्तीत हापसा उभा आहे. आणि नियम असा की जिथं हापसा आहे तिथं टँकर नाही. तो नियम त्यांच्याच टेबलावरून गावोगाव गेलेला होता. एक दिवसाआड येणारा, वाटेत गळणारा, तोही टँकर बंद झाला. वस्तीला आधी कमी पाणी होतं. आता हापसा होता.

त्यांनी त्याच दिवशी नवा प्रस्ताव तयार केला. हापसा कोरडा, टँकर पूर्ववत करावा. पण तोवर कुणीतरी जुन्या फायलीचा समास आणि नवा आदेश शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. कुणी ते कळलं नाही, आणि तसं कळून घेण्यातही अर्थ नव्हता. चौकशी लागली.

चौकशी अधिकारी नांदेडहून आले. प्रौढ, शांत, घामानं त्रासलेले. साक्षीला मलाही बसवलं होतं. त्यांनी विचारलं, "ह्या कचेरीत पुट अपचा अर्थ काय होतो?"

"सादर करणे, साहेब."

"तुम्हाला माहीत होता?"

"मीच सगळ्याला सांगतो."

"मग उभारणे कुठून आणलं?"

"डिक्शनरीत हाय, साहेब. उभारणे, मुक्काम करणे, छत्री उघडणे, भाव वाढणे..." ते सांगत गेले. डब्याच्या सुट्टीत सांगत तसेच, क्रमानं, एकेका अर्थाला थांबून. अधिकाऱ्यांनी त्यांना अडवलं नाही. मला वाटतं, त्यांनाही वाईट वाटत होतं. सगळे अर्थ संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या वस्तीवर तुमचं कुणी राहतं?"

"बहीण."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि शेजारच्या स्टेनोला हळू आवाजात इंग्रजीत म्हणाले, "इट्स अ पुट-अप जॉब."

ह्यांनी झटकन मान वर केली. चेहऱ्यावर भीती नव्हती, उत्सुकता होती. "साहेब, परत एकडाव सांगता?"

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, ह्यो माझ्याकडं नव्हता. पुट-अप जॉब. ठरवून केलेला बनाव. वाईट अर्थ हाय. पण हाय." आणि मग व्हरांड्याच्या खांबाला टेकून बराच वेळ उभे राहिले. मृग दोन दिवसांवर होता. छत्री त्यांनी आणली नव्हती.

ते निलंबित झाले, आणि मृगही कोरडाच गेला. त्यांच्या जागी आलेल्या कारकुनाला काही घाई नव्हती, तरी टँकरचा प्रस्ताव मीच दोनदा आठवण देऊन वर पाठवायला लावला. तो खाली आला. मी समास वाचला, पुन्हा वाचला, आणि रजा काढून सीमेकडची एसटी धरली.

वस्ती लांबूनच ओळखू आली, कारण माळावर उभं असं तेवढंच होतं, तो हापसा. निळा रंग अजून नवा. ओट्यावर ते बसले होते, सदरा तोच, पेनं नव्हती. अक्का घरातून आली. मला बसायला पोतं टाकलं आणि पाण्याचं विचारलं. मी तहान नाही म्हणाले, तर ती हसली. "लातूरचं माणूस तहान न्हाई म्हणतंय. शिकलाव." मग ती हापशाकडं गेली आणि दांडा धरून चारदोन वेळा मारला. लोखंडाचा नुसता आवाज आला. शेजारच्या बाया बघत होत्या.

"रोज मारती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बायांनी काई बोलू न्हाई म्हून. म्हणती, माझ्या भावानं आणलाय, येतंय बघा पानी, जरा दम धरा. घरात बसलो तरी मला त्यो आवाज येतो."

अक्का पदरानं हात पुसत आली. बसली नाही. घागर आणि चुंबळ दाराशी तयार होती, खड्डा लांब होता. "बाई, टँकर कवा येतो? बापू म्हणतो कागद वर गेलाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कारकून माणूस, तोंडावरून शेरा वाचतो. "खाली आला का?"

"आला."

"काय लिव्हलंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसापुढं दुसरा शब्द कुठून आणणार. मी म्हटलं, "पुट अप आफ्टर एन्क्वायरी."

चौकशी त्यांचीच. ती संपेल तेव्हा. अक्कानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"म्हंजे काय रं, बापू? तुला येतंय की हे."

इतकी वर्षं त्यांनी गोळा केलेले सगळे अर्थ त्यांच्या तोंडावरून जाताना मला दिसले. सादर करणे. उभारणे. वर ठेवणे. एकही बहिणीला सांगण्यासारखा नव्हता. शेवटी त्यांनी तो सांगितला जो वर्गात कधी घेतला नव्हता.

"सोसायचं, अक्का."

अक्का थांबली. मग चुंबळ डोक्यावर ठेवली, वर घागर ठेवली.

"येवढंच व्हय," ती म्हणाली. "ते तर आमाला पयल्यापासून येतंय. त्याला इंग्रजी कशाला शिकायची, बापू."

आणि ती माळ उतरायला लागली. ते ओट्यावरून उठले, घरातली दुसरी घागर आणली. चुंबळ कशी ठेवायची ते त्यांना माहीत नव्हतं. घागर छातीशी धरून ते तिच्या मागून गेले.